सावंतवाडीचं मत आणि मुजरा

तळकोकणातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: तनखे बंद झाले म्हणून राजे निवडणुकीत उतरले, राजा उभा राहिला की लोकांनी डोळे मिटून शिक्का मारला, सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले हे त्याचं उदाहरण, आणि निवडून येऊन त्यांनी वाडा तेवढा राखला. यातलं वाडा राखल्याचं खरं आहे. बाकीचं तपासू.

आधी तनखे, म्हणजे विलीन झालेल्या संस्थानिकांना सरकार दरवर्षी देई ती रक्कम. ते गेले डिसेंबर 1971 मध्ये, सव्विसाव्या घटनादुरुस्तीने. बिकानेरचे करणीसिंह 1952 पासून लोकसभेत होते. जोधपूरच्या हनवंतसिंहांनी त्याच वेळी विधानसभेला जयनारायण व्यासांना हरवलं, पण निकाल पाहायला ते उरले नाहीत, विमान कोसळून गेले. ओडिशातल्याच पाटणा संस्थानचे राजेंद्र नारायण सिंहदेव 1967 साली तिथले मुख्यमंत्री झाले. तनखा टिकावा हा काहींचा हेतू असेलही. पण ‘बंद झाला म्हणून आले’ म्हणायचं तर कॅलेंडर उलटं टांगावं लागेल.

आता डोळे मिटून मत. इथे मजकूर लिहिणाऱ्याला आमचा माणूसच कळलेला नाही. मालवणी माणूस पारावर बसून गजाली किती का करेना, मत कुणाला दिलं ते घरातही सांगत नाही. सावंतवाडी तेव्हा राजापूर लोकसभा मतदारसंघात होती. तिथून 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा बॅरिस्टर नाथ पै गेले. पुढे 1971 पासून 1991 पर्यंत मधू दंडवते. दोघेही समाजवादी, दोघांच्याही मागे ना गादी ना वाडा. 1984 मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसची लाट आली, भले भले वाहून गेले, दंडवते टिकले. आणि त्याच ऐंशीच्या दशकात विधानसभेला इथले लोक काँग्रेसच्या शिवरामराजांना निवडून देत होते. मुंबईला राजे, दिल्लीला समाजवादी! याला डोळे मिटणं म्हणत असतील तर उघडे डोळे कसे असतात?

1978 साली तर याच वाडीने जनता पक्षाच्या जयानंद मठकरांना आमदार केलं. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं दशावतारी नाटकात रात्रभर राजा होणाऱ्या नटाबद्दल आपण म्हणतोच. मुकुट उतरतो हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

बाहेरही तेच. पतौडींचे नवाब मन्सूर अली खान 1971 मध्ये गुडगावला आणि 1991 मध्ये भोपाळला पडले. जयपूरचे भवानीसिंह 1989 मध्ये पडले. साताऱ्याचं राज्य 1848 सालीच खालसा झालं, तरी त्या घराण्याचा मान आजही केवढा! तिथे उदयनराजे 2019 च्या मे महिन्यात जिंकले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून हरले. नावाचा फायदा होतो, नाही कोण म्हणतंय? उमेदवाराला ओळख करून द्यावी लागत नाही, हा फायदा मोठाच. पण तेवढ्यावर भागत नाही.

शिवरामराजांनी ‘वर्षानुवर्षं राज्य उपभोगलं’ हेही मजकुरात आहे. त्यांचे वडील बापूसाहेब महाराज 1937 साली गेले तेव्हा हा मुलगा दहाचाही नव्हता. कारभार राणी पार्वतीदेवी पाहत. संस्थान विलीन झालं 1948 साली, तेव्हा राजे जेमतेम विशीत. उपभोगणार कधी?

राहिला वाडा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. ते काढणारे बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा शिवरामराजे आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवींनी म्हाताऱ्या पुंडलिक चितारींकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. दशावतारी गंजिफ्याचे 120 पत्ते, सगळे गोल. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. एकेक पत्ता ब्रशाने हाताने काढायचा आणि वर लाखेचा थर द्यायचा. हे काम आमदारकीच्या जोरावर झालं असं मी म्हणणार नाही. त्याला आमदारकी लागतच नव्हती. आमदार म्हणून रस्ते, पाणी, शाळा यांचा हिशेब मागायचा तर जरूर मागा, पण तो इतर आमदारांकडे मागता तसाच, विधानसभेचं कामकाज आणि मंजूर झालेली कामं समोर ठेवून. फिरत्या मजकुरात त्यातलं एकही काम नाही, ना झालेलं ना राहिलेलं.