बाकांना घाम येतो काय?

सायंकाळी सहाला आमच्या विद्यापीठातले वर्ग रिकामे होतात, आणि तरीही प्रत्येक वर्गातले आठ जुने पंखे रात्रभर बाकांना इमानेइतबारे वारा घालत राहतात. 75 वॅटचे आठ पंखे 12 तास फिरले की एका वर्गात सात युनिटांहून अधिक वीज जाते. बटण कोणी बंद करायचे? विद्यार्थी शिपायाकडे बोट दाखवतात, शिपाई विद्युत विभागाकडे, आणि विद्युत विभाग लेखी अर्ज मागतो!

विभागप्रमुख वातानुकूलन यंत्र 18 अंशांवर ठेवून, अंगावर शाल पांघरून, ऊर्जाबचतीच्या परिपत्रकावर सही करतात. ते परिपत्रकही अर्थातच कागदाच्या एकाच बाजूला छापलेले. मागची बाजू काय सोवळ्यात आहे?

पण खरा संताप येतो तो गच्चीवरची टाकी रोज सकाळी ओसंडताना पाहून. नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे 70 किलोमीटर, घाट चढवत, पंपांच्या जोरावर इंदुरात येते. म्हणजे गटारात जाणाऱ्या प्रत्येक बादलीबरोबर वीजही वाहून जाते, आणि तेही एक बिघडलेला बॉलकॉक वर्षभर कोणी बदलत नाही म्हणून. स्वच्छ शहराचे नागरिक म्हणून आम्ही घरी ओला-सुका कचरा निष्ठेने वेगळा करतो, मग उपाहारगृहामागे उरलेले पोहे आणि चहाचे कप एकाच डब्यात कसे नांदतात?

येत्या 14 डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, भर दुपारी सभागृहाचे पडदे ओढून आणि सगळे दिवे लावून आम्ही वीज वाचवण्याची शपथ घेणार आहोत.