‘मराठीत डिस्लेक्सिया नसतो’ म्हणे!

खानापूर, निपाणी, बेळगाव, कुठलाही पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, तो लांबलचक मेसेज सापडतोच. सार एवढंच: डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन अवघड जाणं, हा इंग्रजीचा आजार, मराठी बोलतो तशीच लिहितात, म्हणून मराठी शाळेतल्या पोरांना तो होत नाही, आपली मुलं अडखळतात ती मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषांच्या ओझ्यानं, रोज चार पानं शुद्धलेखन घाला, रंगीत काचेचा चष्मा द्या, दहावीपर्यंत सगळं आपोआप सुरळीत होतं. मी इथल्याच एका मराठी शाळेत शिकवतो. हा मेसेज वाचून पालक निर्धास्त होतात, आणि दुसरी-तिसरीची मोलाची वर्षं हातची जातात.

‘बोलतो तशीच लिहितात’ हे अर्धंच खरं. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च एकाच अक्षरानं लिहितो, उच्चार दोन. ‘पिशवी’ची पहिली वेलांटी प च्या आधी काढायची, बोलायची मात्र नंतर. आणि र तर बहुरूपीच: सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळा. बरं, लिपी अगदी सरळ असली तरी डिस्लेक्सिया टळत नाही. इटालियन भाषा इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ लिहिली जाते. २००१ साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सिक प्रौढांचा एकत्र अभ्यास झाला. इटालियन लोकांच्या वाचनात चुका कमी होत्या, पण वाचताना तिन्ही गटांत मेंदूच्या डाव्या बाजूचा तोच भाग कमी काम करताना दिसला. मूळ अडचण शब्दातले आवाज सुटे करण्याची आहे, आणि ती भाषा बघून येत नाही.

चुका कमी दिसतात म्हणून आपल्याकडं ही मुलं लवकर ध्यानात येत नाहीत. वाचतात बरोबर, पण एकेक अक्षर लावत. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. आई सांगते, “सर, घरात धडाधड गोष्टी सांगतंय की, पुस्तक धरलं की गप्प बसतंय.” मग पोराला आळशी म्हणून मोकळं व्हायचं.

तीन भाषांचा मुद्दा आपल्या भागात चटकन पटतो, कारण त्यात थोडं राजकारणही मिसळता येतं. लिप्या शिकताना गोंधळ होतो हे कबूल. रफार मराठीत अक्षराच्या डोक्यावर, कन्नडात उजव्या बाजूला. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. आपल्या कानाला तो फरक सवयीचा नाही. शिवाय अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं मिळून संख्याच एवढी की कन्नड घरातल्या मुलांनाही ती पुरती यायला चौथी-पाचवी उजाडते. पण याने डिस्लेक्सिया होत नाही. मूल फक्त कन्नडात मागे असेल तर भाषा नवी आहे, वेळ द्या. घरची मराठीसुद्धा वाचताना तसंच अडकत असेल, तर तपासणी करून घ्या. आणि पोरानं वहीत ‘मी करूलालोय’ लिहिलं, तर ते घरात बोलतंय तसं लिहितंय. त्याला दोष म्हणू नका.

आता शुद्धलेखन. या सल्ल्यानं सगळ्यात जास्त छळ होतो. तिसरीतल्या एका मुलीची वही माझ्यासमोर आली, अक्षर छापल्यासारखं. तेच शब्द तोंडी घातले तेव्हा ‘पर्वत’चा ‘पवत’ झाला, ‘प्रकाश’चा ‘पकाश’. ती पानंच्या पानं चित्रासारखी उतरवत होती, वाचत नव्हती. अशा मुलाकडून शंभरदा लिहून घ्या, शंभरदा चित्रच काढेल.

उपयोग होतो तो आवाजापासून सुरुवात केल्यावर. ‘काम’ म्हणायचं आणि ऐकू येईल त्या प्रत्येक आवाजाला एक चिंचोका सरकवायचा: क्, आ, म्. मग त्या आवाजांची अक्षरं ताटातल्या रव्यावर बोटानं, तोंडानं आवाज काढत. आधी बिनकान्याचे शब्द, मग काना, मग वेलांट्या, जोडाक्षरं शेवटी. घ आणि ध, भ आणि म एकाच आठवड्यात आणायचे नाहीत. आदल्या दिवसाचे चार शब्द रोज पुन्हा. वीस मिनिटं पुरतात, पण रोज. कन्नडालाही हीच रीत, फक्त दोन्ही लिप्यांचं नवं अक्षर एका दिवशी नको.

रंगीत चष्म्यावर जास्त लिहायची गरज नाही. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ सालीच संयुक्त निवेदन काढून सांगितलंय की त्याला शास्त्रीय आधार नाही. डोळे जरूर तपासा. नंबर असेल तर साधा चष्मा लागेल, एवढंच.

राहता राहिली दहावी. आपोआप काही सुरळीत होत नाही. मूल वाचन टाळायला शिकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिचाच एक प्रकार) त्यात आली. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, इतकंच काय दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, यांचा उल्लेख त्याच्या सतराव्या कलमात आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत आणि म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत तपासणी होते. आधी जिल्हा रुग्णालयात विचारा. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावी बोर्डाच्या, सवलतीसाठी नववीतच मुख्याध्यापकांना गाठा, ऐन परीक्षेच्या तोंडावर कागद फिरत नाहीत. आठ वर्षांच्या आत दिव्यांगत्वाचा दाखला सहसा मिळत नाही, पण चिंचोके सरकवायला दाखला लागत नाही.