पुढच्या खिडकीवर विचारा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून २१ केले, याचा आनंद आहेच; परंतु स्वमग्न भाच्यासाठी कोल्हापुरात वाचा-उपचार कोठे मिळतील, एवढेच विचारायला गेले तरी प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीकडे बोट दाखवते आणि शेवटची पुन्हा पहिलीकडे. हाती आलेल्या यादीतील निम्मे क्रमांक बंद, एका पत्त्यावर तर चक्क चपलांचे दुकान! (चपला उत्तम होत्या, तो भाग वेगळा.) ज्या शहरात १९८४ साली दिव्यांगांसाठी काम करणारी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’सारखी संस्था उभी राहिली, तेथे एकाही सरकारी टेबलावर धड, अद्ययावत यादी असू नये? परवा बहिणीने चौथ्यांदा रजा टाकली. दिव्यांग कक्ष दुसऱ्या मजल्यावर निघाला आणि लिफ्ट बंद होती.