‘अर्ध्या तासाच्या कामाला आठ दिवस’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब. तुम्ही एकच स्टार दिलात आणि लिहिलंत, की बेदाण्याच्या ऑर्डरचं वेब अ‍ॅप हलकं करायच्या अर्ध्या तासाच्या कामाला आम्ही आठ दिवस लावले, फोन उचलले नाहीत आणि अ‍ॅप अजूनही हळू उघडतं. गुरुवारी तुमचे दोन फोन राहिले, त्याबद्दल माफी मागतो. ती चूक आमचीच.

पण ‘अर्धा तास’ हे मनाला लागलं. कोडमधल्या मोकळ्या जागा आणि कॉमेंट काढणं, म्हणजे मिनिफाय करणं, खरंच अर्ध्या तासाचं असतं. ते पहिल्याच दिवशी, शुक्रवारी झालं आणि २.४ एमबीची जावास्क्रिप्ट फाइल, म्हणजे अ‍ॅप चालवणारा कोड, १.३ वर आली. खरं वजन पुढे होतं. तारखांसाठी मोमेंट जेएस नावाचा तयार कोड वापरलेला, त्याच्यासोबत जगभरच्या भाषांच्या फाइली येत होत्या. आपल्याला लागते फक्त मराठी. महिन्याच्या हिशेबाचे आलेख तुम्ही एकटे बघता, पण त्यांचा कोड प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर उतरत होता. तो वेगळा काढला. आता ते पान उघडलं तरच येतो. असं काही काढलं की ऑर्डर, पावती, वजनाचा हिशेब सगळं पुन्हा तपासावं लागतं. एकदा पावतीवरची तारीखच गेली होती. तुम्हाला ती चूक कधी दिसली नाही, कारण आम्ही रात्री बसून तपासत होतो. मंगळवारी रात्री फाइल ५४० केबीवर आणून ठेवली होती.

राहिलं होतं सर्व्हरवर जीझिप चालू करणं, म्हणजे फाइल दाबून लहान करून पाठवणं. त्यासाठी होस्टिंगचा पासवर्ड सोमवारीच मागितला होता, तो शुक्रवारी संध्याकाळी मिळाला. तुमची सीझनची धावपळ मला दिसत होती, म्हणून तगादा लावला नाही. पण ते तीन दिवस आमच्या नावावर लिहू नका, साहेब. पासवर्ड आल्यावर तासाभरात तीच फाइल १६० केबीत जायला लागली.

आता हळू उघडतं त्याचं कारण, शनिवारी पहिल्या पानावर चढवलेले नवे फोटो. एकेक ४-५ एमबीचा आहे. जेपीईजी प्रकारचा फोटो आधीच दाबलेला असतो, जीझिपने तो घटत नाही. ते मी लहान करून देतो, त्याचे पैसे नकोत. फोनचंही काहीतरी नीट लावतो.

ऑफिसात आम्ही दोघंच आहोत आणि नवी कामं हे रिव्ह्यू वाचूनच येतात. फोटो बदलले की कळवतो, तेव्हा तुमच्याच मोबाइलवर एकदा उघडून बघा.