पाळीच्या दिवसांत विद्यार्थी गैरहजर

शर्वरीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मार्गदर्शकांकडून परत आलं, तेव्हापासून कट्ट्याला दुसरा विषय नाही. शेरा एकच : 'सर्वत्र विद्यार्थी हीच संज्ञा वापरावी.'

"बरोबरच आहे," अण्णा म्हणाले. मराठीचे निवृत्त मास्तर, त्यामुळे बोलताना तर्जनी आपोआप वर. "विद्यार्थी जातिवाचक आहे. त्यात मुली येतातच. आमच्या वेळी..."

'आमच्या वेळी' सुरू झालं की पक्या मोबाइल काढतो.

शर्वरीनं कागद पुढे केला. "मोठ्यानं वाचा."

अण्णांनी चष्मा चढवला. "'शाळेत पाण्याची सोय नसल्याने पाळीच्या दिवसांत विद्यार्थी गैरह...'"

टपरीवरचा पोऱ्यासुद्धा फिस्सकन हसला.

"सर्वत्र म्हणजे सर्वत्र, अण्णा."

"मग 'विद्यार्थी/विद्यार्थिनी' लिही ना," पक्या म्हणाला.

"दर ओळीला? आणि क्रियापद? 'गेले/गेल्या'? त्यातून त्या तिरप्या रेघेच्या कुठल्याच बाजूला न बसणारं कुणी असलं तर? तृतीयपंथीयांना सुप्रीम कोर्टानं २०१४ सालीच मान्यता दिलीय. आपण अजून एका रेघेवर भागवतोय."

"अध्ययनार्थी?" मी. बी.एड.च्या पुस्तकांत असतो हा शब्द.

"तोही 'तो'च. बरं अण्णा, घरी नातवंडं जेवले की जेवली?"

"जेवली."

"दोन नाती नि एक नातू आला, तर पोरं 'आली'. ही सोय मराठीत आधीपासून आहे. 'आठवीतली मुलं गैरहजर राहतात', झालं, सगळी मावली. आणि पाळीच्या वाक्यात सरळ 'मुली' लिहायचं."

"प्रबंधात मुलं? उद्या एम.ए.चे तिशीतले बाप्येही मुलं?"

(मुद्दा खरा होता, पण त्याचं श्रेय अण्णांना देववत नाही.)

"तिथं दुसरं काही शोधू. माझी आठवीतलीच आहेत."

"भाषेची शुद्धता म्हणून काही असते की नाही?"

"सोसायटीच्या सत्काराच्या फलकावर 'गुणवंत विद्यार्थीनी' कुणी लिहिलं होतं? थी दीर्घ?"

"ते पेंटरनं!"

"तुमच्याच चिठ्ठीवरून," पक्यानं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं. सोसायटीच्या निवडणुकीत अण्णांनी त्याला पाडलं होतं, तेव्हापासून तो असे पुरावे सांभाळून आहे.

एवढ्यात टपरीवाल्यानं वही उघडली. "थकबाकीदार कोण कोण?"

"त्यात मी येत नाही," अण्णा चटकन म्हणाले.

"येता की," शर्वरी म्हणाली. "जातिवाचक आहे."

पक्याला चहाचा ठसका लागला.