टर्मिनलचा संथपणा: निदान बरोबर होते, उपाय चुकला

टर्मिनल, म्हणजे कमांड लिहून देण्याची खिडकी, उघडायला वेळ का लागतो यावरच्या माझ्या मागच्या लेखावर आपण प्रतिक्रिया दिलीत. तिच्यातला सर्वांत बोचरा मुद्दा आधी घेतो, कारण तो खरा आहे. एनव्हीएम (नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या आवृत्त्या बदलून देणारे साधन) दर वेळी शेलबरोबर, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांडी चालवणाऱ्या प्रोग्रामबरोबर, सुरू करू नये. त्याऐवजी नोड, एनपीएम आणि एनपीएक्स (शेवटच्या दोन नोडची पॅकेजे बसवण्याच्या आणि चालवण्याच्या कमांडी) या नावांची तीन छोटी फंक्शने झेडएसएचआरसी फाइलमध्ये (झेडएसएच हा शेल सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहावीत, म्हणजे त्यांपैकी एखादी कमांड प्रथम दिली जाईल तेव्हाच एनव्हीएम लोड होईल, असे मी मागच्या लेखात सुचवले होते. आपण तसे केले, टर्मिनल झटकन उघडू लागले, आणि दुसऱ्याच दिवशी एडिटरमधून कमिट करताना (कोडमधले बदल गिट या साधनात नोंदवताना) गिटचा हुक, म्हणजे त्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, ‘एनपीएक्स सापडत नाही’ म्हणून अडला. मी न तपासता सल्ला दिला, असे आपले म्हणणे आहे. तपासले होते, पण फक्त माझ्या टर्मिनलमध्ये; म्हणजे जिथे ते चालणारच होते तिथे.

चूक नेमकी कुठे झाली ते सांगतो. एनव्हीएम हा स्वतंत्र प्रोग्राम नाही, ते शेलमध्ये वाचून घेतले जाणारे फंक्शन आहे. त्याला तसेच असावे लागते, कारण वेगळी प्रक्रिया म्हणून चालणारा प्रोग्राम आपल्या जनक शेलचा पाथ (कमांड जिथे शोधायच्या त्या डिरेक्टरींची यादी) बदलू शकत नाही, आणि नोडची आवृत्ती बदलणे म्हणजे मुख्यतः पाथ बदलणेच होय. माझी तीन फंक्शनेही त्याच शेलपुरती जिवंत होती. गिटचा हुक स्वतःचा वेगळा शेल सुरू करतो. त्याला वारशाने पाथ मिळतो, झेडएसएचमधली फंक्शने मिळत नाहीत. पूर्वी पाथमध्ये नोडची खरी डिरेक्टरी असे, म्हणून हुक चालत असे. माझ्या उपायाने ती डिरेक्टरीच पाथमधून गेली. एनपीएमने ग्लोबल बसवलेली इतर साधनेही याच कारणाने हरवली असणार; आपण त्यांचा उल्लेख केलेला नाही, पण एकदा पाहून घ्यावे.

यावरचा दुरुस्त उपाय असा: नेहमीच्या आवृत्तीची बिन डिरेक्टरी (ती एनव्हीएमच्या व्हर्जन्स डिरेक्टरीत, नोडच्या खाली सापडते) झेडएसएचआरसीमध्ये एका साध्या ओळीने पाथच्या सुरुवातीला जोडावी आणि लांबणीवर टाकायचे ते केवळ एनव्हीएम या एका नावाचे फंक्शन ठेवावे. ते फंक्शन प्रथम बोलावले गेले की स्वतःला पुसते, मूळ स्क्रिप्ट नो-यूज या पर्यायासह वाचते आणि आपण दिलेली कमांड पुढे पाठवते. नवी आवृत्ती बसवल्यावर पाथची ओळ हाताने बदलावी लागते, हा तोटा आहे. मला तो परवडतो. प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी आवृत्ती आपोआप लागावी अशी ज्यांची गरज आहे, त्यांनी एफएनएम या एनव्हीएमसारख्याच दुसऱ्या साधनाकडे वळावे. ते रस्ट या भाषेत लिहिलेले असल्यामुळे हजारो ओळींची शेल-स्क्रिप्ट दर टॅबला वाचण्याचा प्रश्नच उरत नाही.

हिंजवडीच्या चौकात रोज तासभर उभ्या राहणाऱ्या माणसाने सेकंदाचा हिशेब मांडू नये, हा आपला टोमणा मला आवडला. हिशेब खरोखरच किरकोळ आहे: माझे टर्मिनल उघडायला १.४ सेकंद लागत, आता ०.३ लागतात, दिवसातून चाळीस वेळा उघडले तरी वाचले पाऊण मिनिट. तथापि ही वाट पाहणारे आपण एकटे नसतो. व्हीएस कोड हे एडिटर डॉकमधून किंवा मेन्यूतून उघडले, तर पाथसारख्या शेलच्या सेटिंगची माहिती मिळवण्यासाठी ते पार्श्वभूमीत आपला शेल एकदा पूर्ण चालवते, आणि ठरावीक मुदतीत, जी मुळात १० सेकंदांची असते, तो आटोपला नाही तर तक्रारीचा संदेश दाखवते. जुन्या लॅपटॉपवर, संथ डिस्कवर, सकाळी पहिल्यांदा उघडताना ही मुदत वाटते तितकी लांब नसते.

मी टर्मिनलचा सगळा वेळ मोजला नाही, हा आपला आक्षेप अर्धा मान्य आहे. इंटरॅक्टिव्ह शेल सुरू करून लगेच बाहेर पडायला किती वेळ लागतो, हे मी टाइम कमांडने मोजले होते. त्या मोजणीत प्रॉम्प्ट (कमांड लिहिण्याच्या जागेआधी दिसणारी खूण) कधी काढलाच जात नाही. त्यामुळे मोठ्या रिपॉझिटरीत (गिटने सांभाळलेल्या प्रकल्पाच्या डिरेक्टरीत) प्रॉम्प्ट गिटची स्थिती शोधत बसत असेल, तर तो वेळ या आकड्यात दिसत नाही. शिवाय जे काम लांबणीवर टाकले ते संपलेले नसते, पहिल्या कमांडच्या माथी गेलेले असते. मात्र दोषी कोण हे मी त्या आकड्यावरून ठरवले नव्हते. झेडप्रोफ हे, कोणत्या फंक्शनला किती वेळ लागला ते दाखवणारे मॉड्यूल झेडएसएचआरसीच्या पहिल्या ओळीत लोड करून आणि शेवटच्या ओळीत झेडप्रोफ ही कमांड देऊन मिळालेल्या तक्त्यात सर्वांत वर एनव्हीएम-ऑटो (एनव्हीएम लोड होताना चालणारे त्याचे फंक्शन) होते, आणि तो निष्कर्ष मी आजही बदलत नाही.

आता ओह माय झेडएसएच, म्हणजे झेडएसएचसाठी तयार सेटिंग आणि प्लगिन पुरवणारा संच. ते मुळासकट काढावे, हा आपला सल्ला मला घाईचा वाटतो. माझ्या त्याच तक्त्यात, फंक्शन किती वेळा बोलावले गेले त्या रकान्यात, एनव्हीएम-ऑटोसमोर २ होते आणि कॉम्पइनिटसमोरही (कमांडी अर्ध्यावरून आपोआप पूर्ण करण्याची सोय सुरू करणारे फंक्शन) २. पहिल्याचे कारण मी स्वतःच होतो: एनव्हीएमच्या इन्स्टॉलरने फाइलच्या तळाशी घातलेल्या ओळी होत्याच, आणि वर प्लगिनच्या यादीतही मी एनव्हीएम लिहून ठेवले होते. कॉम्पइनिट दुसऱ्यांदा बोलावणारी ओळ एका वेगळ्याच साधनाच्या इन्स्टॉलरने, मला न विचारता, शेवटी जोडली होती. कॉम्पइनिट दर वेळी पूर्ततेच्या फाइली असलेल्या डिरेक्टरींची मालकी आणि परवानग्या तपासते, म्हणजे तीच झाडाझडती दोनदा होत होती. हे दोन्ही जादा प्रकार काढल्यावर, सहा प्लगिन तसेच ठेवूनही, ओह माय झेडएसएचचा वाटा माझ्या यंत्रावर सेकंदाच्या दशांशाहून कमी राहिला. वर्षानुवर्षे वाढत गेलेली झेडएसएचआरसी फाइल आपल्यापैकी कोणी वरपासून खालपर्यंत वाचतो, असे मला वाटत नाही. मी तरी त्या दिवशी प्रथमच वाचली.

मागच्या लेखातला तीन फंक्शनांचा भाग मी खोडला आहे, पुसलेला नाही, आणि त्याखाली वरील दुरुस्ती जोडली आहे. आपण ती करताना पाथची ओळ ओह माय झेडएसएच सुरू करणाऱ्या ओळीच्या खाली ठेवावी, यादीतून एनव्हीएमचे प्लगिन काढावे, आणि एडिटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. नुसती खिडकी बंद केली तर जुनाच पाथ घेऊन तो चालत राहतो आणि हुक पुन्हा अडतो.