पिस्तुलाचा तो गोल तक्ता बघून बोट बदलू नका

पिस्तूल नेमबाजीत चूक कुठे होते ते सांगणारा तो रंगीत गोल तक्ता मोबाईलवर परत फिरायला लागलाय म्हणून लिहितोय. टार्गेटचे भाकरीसारखे तुकडे पाडलेत आणि प्रत्येक तुकड्यात एकेक चूक लिहिलीय, म्हणजे शॉट डावीकडे लागला तर ट्रिगरवर बोट कमी, उजवीकडे तर बोट जास्त, डावीकडे खाली म्हणजे झटका, वर गेला म्हणजे गोळी सुटताना पिस्तूल मागे देतं त्या धक्क्याच्या भीतीनं मनगट उचललं. भोक बघा, चूक ओळखा. रेंजवर नवीन आलेली पोरं हे मोबाईलवर उघडं ठेवून प्रत्येक पेलेटनंतर (छर्‍यानंतर) बोट पुढे-मागे करत बसतात, बघवत नाही मला.

त्यात खरं आहे ते आधी सांगतो. उजव्या हातानं मारणाऱ्यानं ट्रिगर हिसकला की शॉट बहुतेक वेळा सात-आठ वाजताच्या बाजूला (टार्गेट घड्याळ धरलं तर डावीकडे खाली) जातो, हे कितीदा तरी डोळ्यांनी बघितलंय. पण उलटं खरं नाही ना. तापात अंग दुखतं, म्हणून अंग दुखणाऱ्या प्रत्येकाला ताप नसतो.

“एका भोकावरून चूक कळते”

नाही कळत. निदान दहा शॉट मारा, मधे काहीही न बदलता, आणि मग ग्रुप, म्हणजे सगळ्या भोकांचा पुंजका, बघा. दहाच्या दहा रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसलेत पण सगळे आठ वाजता, तर तुमचा ट्रिगर चांगला आहे, कारण हिसका दर वेळी इतका सारखा बसतच नाही. तिथे साईट बघा (पिस्तुलावर मागे खाच आणि पुढे काडी, ह्या दोन साईट जुळवून नेम धरतात; शॉट जिकडे न्यायचा तिकडे मागची साईट सरकवायची), ग्रिप म्हणजे मुठीची पकड बघा, पाय बघा. आणि सहा शॉट नऊ-दहाच्या रिंगमध्ये, चार मात्र डावीकडे खाली ओढल्यासारखे पसरलेत, तर ट्रिगरकडे वळा. अशा दोन्ही पोरांना तक्ता एकच औषध देतो, इथेच घोटाळा आहे.

“वर गेला म्हणजे धक्क्याची भीती”

१० मीटर एअर पिस्तुलाला, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा मारणाऱ्या पिस्तुलाला, धक्का जवळजवळ नसतोच, मग भीती कसली? आपण बरेच जण टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलाच्या खाली पांढरी पट्टी सोडून नेम धरतो आणि साईट त्याच हिशोबानं लावलेली असते. चाळीसेक शॉटनंतर डोळा थकला की काळं खुणावायला लागतं, नजर फ्रंट साईटवरून सुटून टार्गेटवर जाते, पट्टी बारीक होते आणि शॉट तेवढाच वर जातो. त्याहून मोठं म्हणजे फ्रंट साईट खाचेतून वर डोकावणं. दोन साईटमधलं अंतर साधारण ३२ सेंटीमीटर धरा, तर फ्रंट साईट पाव मिलिमीटर चुकली की १० मीटरवर शॉट जवळपास ८ मिलिमीटर सरकतो, म्हणजे पूर्ण एक रिंग. हात नुसता समांतर हलला तर तेवढ्यासाठी तो ८ मिलिमीटर हलावा लागतो. म्हणून हात हलतोय ह्याची काळजी कमी करा, साईट सरळ आहेत का ते बघा.

“सगळ्यांना लागू”

डावखुऱ्याला सगळं आरशासारखं उलटं, हे बऱ्याच तक्त्यांवर लिहिलेलंही नसतं. दोन हातांनी पिस्तूल धरणाऱ्याचं गणित आणखी वेगळं, कारण दुसरा हातही ढकलतो-ओढतो. आपला खेळ एका हाताचा, एअर पिस्तूलही आणि नेमबाज राही सरनोबतनं २०१८च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेतलं ती २५ मीटर पिस्तूलही. मात्र २५ मीटरला पॉइंट टू टूची (०.२२ इंची) दारूची गोळी असते, ट्रिगर ओढायला लागणारा जोर कमीत कमी १००० ग्रॅमचा, एअरला ५०० ग्रॅमचा, त्यामुळे एकाच पोराची चूकसुद्धा दोन पिस्तुलांवर सारखी दिसेल असं नाही.

“डावीकडे म्हणजे बोट कमी”

ह्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं. बोट किती ठेवायचं हे तुमचा पंजा आणि ग्रिप ठरवते, ट्रिगर सरळ मागे यायला हवा एवढंच. खात्री करायचीय तर पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय, म्हणजे पेलेट न भरता, मारा आणि ट्रिगर सुटताना फ्रंट साईट बघा. ती हललीच नाही तर बोटाला हात लावू नका.

मी लावला होता. माझा ग्रुप सतत नऊ वाजता बसायचा, तक्ता बघून मी बोट आत घेतलं, आणखी आत घेतलं, ग्रुप पसरला पण डावीकडेच राहिला. शेवटी एका सीनियरनं सांगितलं, डोळे मीट, हात उचल, नेमाच्या जागी स्थिर कर, आता डोळे उघड. साईट टार्गेटच्या चांगलीच डावीकडे. म्हणजे अंग डावीकडे वळलेलं आणि मी प्रत्येक शॉटला हात ओढून मधे आणत होतो, सुटताना तो परत आपल्या जागी जायचा. मागचा पाय चार बोटं सरकवला आणि त्याच दिवशी ग्रुप मधे आला. आत घेतलेलं बोट बाहेर काढायची सवय लागायला मात्र दोन महिने गेले.